तोपास शब्दाची विभक्ती

आमच्या नेर तालुक्यातल्या माणसाला खोल पाणी म्हणजे विहीर. त्यापलीकडचं पाणी त्यानं भूगोलाच्या पुस्तकात निळ्या रंगात पाहिलेलं, तेही पुस्तक नवं असेल तर. अशा गावात माझे आजोबा आरमारात नोकरी करून आले होते. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो आणि गाव त्यांना तोपास म्हणायचं. मी दुकानात गेले की दुकानदार विचारायचा, "तोपासची नात ना वं तू?" मोठ्या लढाईत ते जहाजावर होते, पायावर लोखंडी झाकण पडून दोन बोटं गेली आणि म्हणून त्यांना घरी पाठवलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. परत आल्यावर बस थांब्याजवळच्या हॉटेलात कुणीतरी त्यांना विचारलं, जहाजावर तू काय होता? आबाजी म्हणाले, टोपास. तेवढा एक शब्द त्यांचा, बाकीचं सगळं गावाचं.

टोपासचं तोपास झालं ते आमच्या गुरुजींमुळे. गुरुजी चौथीपर्यंतच्या मराठी शाळेचे, पण आपलं व्याकरण मॅट्रिकपर्यंत पोचलेलं आहे असं ते स्वतःच सांगायचे. मी तिसरीत असताना त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं : मूळ शब्द तोप (तोफेला आमच्याकडे तोपच म्हणतात), त्याला 'स' हा चतुर्थीचा प्रत्यय, तोपास म्हणजे तोपेला, आणि जहाजावर ज्याला तोपेला लावतात तो माणूस तोपास. मी हात वर केला. म्हटलं, गुरुजी, तोप स्त्रीलिंगी आहे, मग तोपेस व्हायला पाहिजे. गुरुजी थोडा वेळ खडूकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पलटणीत व्याकरण ढिलं असते. बस खाली." पुढे मी जन्मभर शाळेत मराठीच शिकवलं, पोरांना स-ला-ते घोकायला लावलं, पण पलटणीतल्या ढिल्या व्याकरणाचा नियम मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. त्या दिवसापासून मात्र आबाजी तोपची झाले. घरी येऊन मी त्यांना विचारलं, आबाजी, तुम्ही तोपा उडवायचे का? ते चहा पीत होते. ते म्हणाले, "लय आवाज होते तिचा." एवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आमचं घर दोन खोल्यांचं, कुडाच्या भिंतींचं, वर कवेलू. बाबा कापसाच्या जिनात हमाल होते. जिनाचा भोंगा झाला की माय तव्यावरची भाकर उलटायची, दुसरा भोंगा झाला की बाबा ती फडक्यात बांधून निघायचे, आणि मग दिवसभर सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. कापसाच्या दिवसांत सगळ्या वस्तीच्या केसांत रुई असायची. जेवायला बहुतेक अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. आबाजींना बाजाराच्या दिवशी सुकट लागायची, ती नसली तर ते जेवायचे पण बोलायचे नाहीत. त्यांची भाषा आमचीच होती, फक्त मधेमधे जहाज उगवायचं. चुलीला ते गॅली म्हणायचे, अंगणाला डेक म्हणायचे, आणि वाटी नेहमी डाव्या हातानं धरून जेवायचे, घर हलेल की काय या बेतानं. हा अंगणाचा डेक झाडायचं काम ते कुणालाही देत नसत. उजाडलं की खराटा घेऊन एका कडेनं सुरू करायचे ते दुसऱ्या कडेपर्यंत, मग पाणी मारायचे, मग मागची मोरी खरवडून धुवायचे. घरात धडधाकट सून असताना सासऱ्यानं अंगण झाडावं ही वस्तीत बोभाटा होण्याजोगी गोष्ट होती आणि तो झालाही. बाया मायला टोचून बोलायच्या. माय खराटा लपवायची, आबाजी तो शोधून काढायचे. शेवटी किसनरावांनी जाहीर केलं की याला मिलिटरी शिस्त म्हणतात, आणि बायांची तोंडं बंद झाली.

किसनराव म्हणजे आमच्या वस्तीच्या समितीचे सेक्रेटरी. मॅट्रिकला इंग्रजीत राहिलेले. नापास म्हटलेलं त्यांना खपत नसे, ते म्हणायचे 'राहिलो'. वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली तेव्हा पांढरे कपडे सगळ्यांनीच घातले होते, पण किसनरावांचे इस्त्रीचे होते. परत आल्यावर घरोघरचे देव गाठोड्यांत बांधून नदीला सोडले, मेलेलं जनावर ओढायचं नाही असा ठराव झाला, हलकं काम कुणी करायचं नाही असाही झाला, आणि करील त्याचं हुक्कापाणी बंद. हे सगळं चांगलंच झालं, त्याबद्दल मी आजही एका शब्दानं थट्टा करणार नाही. थट्टा आहे ती पुढच्या गोष्टीची. नव्या वस्तीला एक शूर माणूस हवा होता आणि तो बसल्या जागी मिळाला. दर बुद्धजयंतीला आबाजींना खुर्चीवर बसवून किसनराव भाषण करायचे, की ज्या हातांसाठी गावानं फक्त झाडू ठेवला होता त्या हातांनी आरमाराची तोप चालवली! टाळ्या पडायच्या. आबाजी मान खाली घालून पायाच्या उरलेल्या तीन बोटांकडे बघत बसायचे. किसनराव म्हणायचे, पाहा, शूर माणूस कसा विनयशील असते.

मी सातवी चांगल्या मार्कांनी पास झाले आणि घरात अडचण उभी राहिली. पुढची शाळा यवतमाळला, राहायचं तर मुलींच्या वसतिगृहात, आणि तिथं राहायची आमची ऐपत नव्हती. सवलतीचा अर्ज घेऊन बाबा मला कचेरीत घेऊन गेले. जातीच्या रकान्यात त्यांनी माझ्याकडून 'बौद्ध' लिहून घेतलं होतं. कचेरीतले बाबू भले होते, त्यांनी बाबांना बाजूला घेऊन समजावलं, "भाऊ, हे लिहाल तर सवलत बसत नाही. जुनी जात लिहा, उद्याच्या उद्या करून देतो. घरी काय मानायचं ते माना." बाबा म्हणाले, "साहेब, देव नदीत सोडून आलो. आता जात कायले कागदावर ठेवू?" बाबूंना ते पटलं असावं, कारण त्यांनी अर्ज फार हळुवारपणे परत केला. निघताना तेच म्हणाले, की तुमच्या घरी कुणी लष्करात होतं का? माजी सैनिकांच्या मुला-नातवंडांना त्या वसतिगृहात फुकट जागा असतात, फक्त नोकरीचा आणि पेन्शनीचा दाखला लागतो. बाबा कचेरीच्या पायऱ्या उतरताना हसत होते. त्यांना मी तसं हसताना क्वचितच पाहिलंय.

आबाजी मात्र हसले नाहीत. जखमी होऊन सुटलेल्या माणसाला पेन्शन असते, ती तुम्ही कधी मागितली का नाही, असं बाबांनी विचारलं तर म्हणाले, "कागद कुठी हायेत? उदईनं खाल्ले." मग वाळवीनं खाल्ले तर मुंबईच्या दफ्तराला लिहू, तिथं नोंद असेलच, असं बाबा म्हणाले. "कायले उकरता?" आबाजी म्हणाले आणि मोरी धुवायला उठून गेले. सकाळी एकदा धुऊन झाली होती. उकरणं भाग होतं, कारण इकडे माझ्या आत्यानं बाभुळगावचं एक स्थळ आणलं होतं. मुलाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांना शिकलेली मुलगी चालणार होती, म्हणजे आतापर्यंत शिकलेली. बाबा म्हणाले, यंदा घरीच राहू दे, पुढच्या जूनपर्यंत दाखला आला तर इमल यवतमाळला, नाही आला तर बाभुळगावला. मी विमल, पण आमच्याकडे 'वि'चा 'इ' होतो. मला चौदावं चालू होतं, आणि मी त्या पत्राची वाट जशी पाहिली तशी पुढे आयुष्यात कशाचीच पाहिली नाही.

पहिलं पत्र गुरुजींनी इंग्रजीत लिहिलं. त्यात आबाजींचं नाव, गाव, गेलेली बोटं आणि हुद्दा 'गनर'. दोन महिन्यांनी मुंबईहून उत्तर आलं, अगदी सभ्य, की या नावाचा कुणी गनर आमच्या दफ्तरी नाही. समितीची बैठक बसली. किसनरावांचं म्हणणं पडलं की आपण हुद्दा कमी लिहिला, आरमारवाले साध्या गनरकडे लक्ष देत नसतील. म्हणून दुसऱ्या पत्रात आबाजींना 'चीफ गनर' केलं आणि पत्र रजिस्टर केलं. उत्तर आलं, या नावाचा कुणी चीफ गनर नाही. तिसऱ्या पत्राच्या वेळी किसनराव 'कॅप्टन' लिहा म्हणत होते, गुरुजींनी कसंबसं 'गनरी इन्स्ट्रक्टर'वर आणलं. असा दर नकाराबरोबर आम्ही आबाजींना बढती देत गेलो. आणखी दोन पत्रं चुकली असती तर ते आरमारप्रमुख झाले असते. हे सगळं आमच्या अंगणातच चालायचं आणि आबाजी खाटेवर बसून ऐकायचे. मी त्यांच्याकडे पाहिलं की ते दुसरीकडे पाहायचे. मला त्यांचा राग यायचा. मला वाटायचं, माझ्या शाळेचं यांना काहीच नाही.

तिसऱ्या पत्राचं उत्तर मे महिन्यात आलं. त्यात कुणा शहाण्या माणसानं लिहिलं होतं, की या नावाचे दोन-तीन इसम आमच्या दफ्तरी आहेत पण तोफखान्यात कुणी नाही, तरी अर्जदारानं जहाजाचं नाव, आपलं नेमकं काम आणि जखम कशी झाली हे स्वतःच्या शब्दांत सांगून, अंगठा उठवून पाठवावं. भर दुपारी समिती आमच्या कडुनिंबाखाली जमली. माय माठातलं पाणी देत होती, बाबा जिनातून सुट्टी काढून आले होते, गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मराठी मी लिहायचं आणि इंग्रजी गुरुजींनी करायचं असं ठरलं. स्वतःच्या शब्दांत म्हटल्यावर किसनरावांनी स्वतःच्या शब्दांत सुरुवात केली. "लिही. मी अमुक अमुक, शत्रूची तीन जहाजं माझ्या तोपेनं..."

"थांब," आबाजी म्हणाले.

ते खाटेवरून उतरून माझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, "इमल, खोड ते. नवा कागद घे. लिव. मी टोपास होतो. टोपास म्हंजे जहाजावरचा झाडूवाला. पायखाने धुवाचो, डेक झाडाचो, बिमार सायबायची घाण उचलाचो. लिवलं का?"

मी लिहिलं नव्हतं. मग किसनराव म्हणाले, "आबाजी, मजाक करून राह्यले का तुमी?"

"मजाक त तुमी करून राह्यले, एवढे वर्सं झाले. मी फक्त मधात नाई बोललो."

"मंग सांगतलं काहून नाई?" बाबांनी उठून उभं राहत विचारलं.

"कोनं इचारलं? मी म्हनलो टोपास. तोप तुमी आनली. मले बी बरं वाटलं, खोटं कायले सांगू. झाडूवाला म्हनून हासाले लोकं तयारच होते." आबाजी बाबांकडे न बघता बोलत होते. "भरतीत गेलतो तवा मी बंदूक मागतली होती. बाबूनं जात इचारली. सांगतली. त झाडू देल्ला. समुद्र पाह्याले भेटन म्हनून घेतला."

"अन् ते कागद? उदई?" बाबांनी विचारलं.

"उदईनं नाई खाल्ले. तुमी देव सोडाले गेले ना नदीवर, त्याच गठुड्यात माह्यं सर्टिफिकट घातलं मी. म्हनलं, जाऊ दे तेबी."

जिनाची घरघर तेवढी येत होती. किसनरावांच्या चेहऱ्यावरून मला साफ दिसत होतं की त्यांच्या डोक्यात हलक्या कामाचा ठराव फिरतो आहे, आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो की ठरावाच्या तारखेपासून, हे त्यांना सुचत नाही. लागू होतो म्हटलं तर वस्तीच्या एकुलत्या एक शूर माणसाचा हुक्कापाणी बंद करावा लागला असता आणि इतक्या जयंत्यांची भाषणं मागं घ्यावी लागली असती. गुरुजी टोपी डोक्यावर ठेवत स्वतःशीच पुटपुटले, "म्हणजे चतुर्थी नव्हतीच." आणि माय, जी सासऱ्यासमोर कधी मान वर करत नसे, ती पाण्याचा गडवा घेऊन तशीच उभी होती. ती म्हणाली, "मामंजी, म्हनून मले अंगन झाडू देत नव्हते का तुमी?" आबाजी म्हणाले, "घरातल्या एकानं झाडलं तेवढं पुरे झालं, बाई. तुमच्या हातात खराटा मले पाहवत नव्हता." माय पदर तोंडाला लावून आत गेली. मग मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं, पायखाने हा शब्दसुद्धा, आणि त्यांनी अंगठा उठवला. माझ्या शाळेसाठी त्या माणसानं काय मोडून दिलं ते मला त्या वयात अर्धंच कळलं. उरलेल्या अर्ध्यात मला लाज वाटत होती. त्यांनी लपवलं याची नाही, त्यांनी सांगितलं याची.

उत्तर महिन्याच्या आत आलं. दफ्तराला एका दमात सगळं सापडलं होतं : नाव, भरतीचा नंबर, जहाज, झाकण पडून झालेली जखम, मंजूर होऊन कुणी न उचललेली पेन्शन, वर्तणूक अतिशय चांगली, आणि हुद्द्यासमोर इंग्रजीत टोपास. किसनरावांनी वर्तणुकीची ओळ तीनदा वाचून दाखवली आणि हुद्द्याची ओळ एकदाही नाही. ठराव त्यांनी कुठल्या तारखेपासून लागू केला ते मला माहीत नाही. पुढच्या बैठकीला ते आले नाहीत, त्यांच्या पोटात दुखत होतं.

जूनच्या शेवटी आबाजी मला घेऊन यवतमाळला गेले. बाबांना सुट्टी नव्हती. आबाजींनी त्या उकाड्यात काळा कोट घातला होता. वसतिगृहाच्या कचेरीत माझ्यापुढे चार मुली होत्या, आपापल्या घरच्यांबरोबर. एक सुभेदाराची, दोन हवालदारांच्या, एकीचे वडील युद्धात गेलेले. बाबू प्रत्येकीला मोठ्यानं विचारून रजिस्टरात लिहीत होते आणि हवालदारांच्या मुली असल्या ताठ उभ्या होत्या की माझीच मान अवघडली. माझा नंबर आला. बाबूंनी मुंबईचा कागद वरखाली पाहिला, टोपास हा शब्द त्यांना लागला नाही, आणि त्यांनी मला विचारलं, "आजोबा नेवीत काय होते?"

मी म्हणाले, "तोपची."

बाबूंनी टाक दौतीत बुडवला. ते तसंच लिहून मोकळे झाले असते, दाखला खरा होता, जागा मिळालीच असती, कुणाचं काही अडलं नसतं. आबाजी माझ्या खांद्यावरून पुढे वाकले. "नाई साहेब. पोट्टी चुकली. टोपास. टोपास म्हंजे झाडूवाला."

बाजूला उभ्या असलेल्या एका हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. बाबू म्हणाले, "अस्सं, अस्सं," आणि त्यांचा टाक सरळ जातीच्या रकान्यावर गेला, बौद्ध खोडायला. आता त्यांना सगळं आपोआप कळलं होतं. आबाजींनी रजिस्टरावर हात ठेवला, पूर्ण पंजा.

"काम इचारलं, ते सांगतलं साहेब. जात नाई सांगतली. ते लिवलं हाये तसंच राहू द्या."

बाबूंनी हाताकडे पाहिलं, मग कोटाकडे पाहिलं, आणि टाक टिपकागदावर पुसला. मला सात नंबरची खोली मिळाली.

आबाजी दुपारच्या बसनं परत गेले. निघताना ते माझ्या खोटेपणाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, फक्त मोरी पाहून आले आणि म्हणाले, स्वच्छ हाये. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तर वस्तीचा नूरच बदललेला. आबाजींनी सगळ्यांना सांगितलं होतं, की इमलनं कचेरीत सायबाच्या तोंडावर खडखडीत सांगितलं, माहा आबा झाडूवाला होता, लिवून घ्या! किसनरावांचं पोट दुखायचं थांबलं होतं, त्यांना नवा माणूस मिळाला होता. त्यांनी सभा घेतली आणि मला खुर्चीवर बसवून माझ्या धैर्यावर अर्धा तास बोलले. आबाजी समोर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होते. मी उठून सांगू शकले असते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी हलकेच मान हलवली, राहू दे, अशी. आणि मी राहू दिलं. त्यांनी स्वतःच्या खोट्याला सगळ्या वस्तीसमोर तोंड दिलं होतं, माझं मात्र झाकून ठेवलं. ते गेले, किसनराव गेले, ती सभा आठवणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे : मी तोपची म्हणाले होते.